पायऱ्यांच्या कडेचे पाइप

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात गरिबांची कामं शुक्रवारी दुपारी व्हायची. सोमवारपासून शुक्रवार सकाळपर्यंत आम्ही बिल्डरांचे मनोरे काढायचो. त्यांच्या गच्च्यांवर पोहण्याचे तलाव असायचे आणि जाहिरातीत त्या तलावातून समुद्र दिसायचा. प्रत्यक्षात तिथून चारकोपमधल्या दुसऱ्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. शुक्रवारी जेवणं झाली की आमचे सर खादीचा कुर्ता चढवून यायचे, पांढऱ्या फळ्यावर ‘समाज’ असं लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे, आणि आम्ही सगळे आपोआप जरा हळू आवाजात बोलायला लागायचो.

ऑफिस अंधेरीला होतं, एका जुन्या गाळ्यात. तिथे पूर्वी बाटल्यांची झाकणं बनायची. भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या केलेल्या होत्या, कारण सरांच्या मते उघडी वीट प्रामाणिक असते. मी ज्या घरात वाढले त्या घराच्याही विटा उघड्याच होत्या. पण आमच्याकडे तो प्रामाणिकपणा कोणी हौसेने केलेला नव्हता. आमचं बांधकाम गिलाव्यापर्यंत कधी पोहोचलंच नाही.

हे मी ऑफिसात कधी सांगितलं नाही. मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, “कुठली तू?” मी म्हटलं, “मुलुंड.” तेव्हा मुलुंडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधीची सगळी वर्षं घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर, एकशे चौदा पायऱ्या चढून गेल्यावर जी उजवीकडची ओळ लागते, तिथे गेली होती. आजोबा मालवणकडून गिरणीत आले. गिरणी बंद पडली तसे परळची खोली सोडून टेकडीवर गेले. आई तिथेच लग्न होऊन आली, बाबा तिथेच गेले आणि आई अजून तिथेच राहते. मुलुंडला लिफ्ट आहे, ये माझ्याकडे, असं सांगून सांगून मी थकले. एकदा आली आणि आठव्या दिवशी पिशवी भरून उभी राहिली. म्हणाली, “तुझ्या बिल्डिंगीत दारां बंद करून माणसां काय करतत गे दिवसभर?”

आईचा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे. तरी रोज दहाच्या सुमारास ती खाली बाजारात उतरते, मासे घेते, आणि स्वतःसाठी एक वाटा, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांसाठी दोन वाटे असं घेऊन वर येते. त्या दोघींचं उतरणं कधीच बंद झालेलं आहे. त्यातली एक काकू दोन वर्षांत खाली आलेली नाही. बोलता बोलता ती बाजारातल्या एखाद्या दुकानाचं नाव घेते आणि आईला सांगावं लागतं की ते दुकान आता राहिलं नाही. आईला दुसऱ्या कशाचीही एवढी भीती वाटत नाही. मरणाविषयी ती भाजी निवडता निवडता बोलते, पण ‘माझं उतरणं बंद झालं तर’ हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी पुरं ऐकलेलं नाही.

ती उतरायची ती पाइपांना धरून. टेकडीवर पाणी असं चढतं: खाली रस्त्यालगत पालिकेची मोठी लाइन, आणि तिथून प्रत्येक घराचा आपापला अर्ध्या इंचाचा पाइप पायऱ्यांच्या बाहेरच्या कडेने वर. चाळीसेक घरांचे चाळीसेक पाइप, दगडांच्या चवडींवर टेकवलेले, मांडीएवढ्या उंचीवर सगळ्यांची मिळून एक जाड मोळी. कुठला कोणाचा हे कळावं म्हणून दर थोड्या अंतरावर प्रत्येकाने आपल्या पाइपाला चिंधी बांधलेली. कोणाची जुन्या साडीची, कोणाची लुंगीची. आमच्या पाइपाला माझ्या शाळेच्या गणवेशाची निळी चिंधी होती. डोक्यावर हंडा किंवा खांद्यावर सिलिंडर असलेल्याने भिंतीच्या बाजूने जायचं आणि मोकळ्या हाताच्या माणसाने पाइपांच्या बाजूने, हा तिथला नियम. तो कोणी लिहून ठेवला नव्हता. गरोदर बाया, म्हातारे, पिऊन आलेले पुरुष, सगळे त्या मोळीला धरून वर-खाली करायचे. मी चालायला शिकले तीही त्या पाइपांना धरूनच, असं आई सांगते.

तर एका शुक्रवारी सरांनी प्रोजेक्टरने भिंतीवर फोटो टाकला. आमच्याच पायऱ्या होत्या. एका मोठ्या कंपनीला समाजासाठी काहीतरी करायचं होतं आणि ते टेकडीवर करायचं ठरलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, “एक लक्षात ठेवा. वस्तीत राहणाऱ्याला स्वतःची वस्ती दिसत नसते. त्यासाठी बाहेरची ताजी नजर लागते.” मी तोंड मिटलं आणि माझी नजर जमेल तेवढी ताजी केली.

घरी जाऊन आईला फोन केला. “आई, आम्ही ऑफिसचे लोक येतोय तिकडे. मला ओळख दाखवू नकोस.”

“कित्याक गे? काय चोरी केलंस?”

“ऑफिसचं असतं तसं काहीतरी. नंतर सांगते.”

“बरं,” आई म्हणाली. एवढंच. आईने पुन्हा कारण विचारलं असतं तर मी भांडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

पण टेकडीवर मला ओळखणारी आई एकटी नव्हती. मला अख्खी टेकडी ओळखते. बारावीला माझा नंबर आला तेव्हा मंडळाने फलक लावला होता. हे माझ्या लक्षात आलं ते पायऱ्या चढताना, सरांच्या मागे, हातात रंगीत कागदांचे गठ्ठे घेऊन. पहिल्याच वळणावर पाइपवाले काका बसले होते. टेकडीवरचे सगळे पाइप त्यांच्या हातचे, आणि मला त्यांनी कडेवर घेतलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विडी बाजूला केली आणि गंभीरपणे म्हणाले, “नमस्कार मॅडम. सावकाश या. पायऱ्या वाईट आहेत.” पुढच्या दारातली बाई, जिच्या मुलीबरोबर मी दहावीपर्यंत शाळेत गेले, ती म्हणाली, “मॅडम, पाणी देऊ?” वरपर्यंत हेच. आईने घरोघरी जाऊन बजावून ठेवलं होतं, आणि शेंबड्या पोरांसकट कोणी हसलं नाही. आमच्या प्रकल्पाच्या अहवालात लोकसहभाग या विषयावर अकरा पानं आहेत. लोकांनी खरा सहभाग घेतला तो एवढ्याच बाबतीत, आणि तो अहवालात नाही.

मंडळाच्या खोलीत कार्यशाळा झाली. सतरंजीवर रंगीत माती, चिठ्ठ्या, आणि आम्ही बनवलेलं टेकडीचं पुठ्ठ्याचं मॉडेल. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या, कारण त्यांना वाटलं होतं हळदीकुंकू असेल. सर मांडी घालून बसले, एकदा कण्हले, आणि त्यांनी प्रश्न विचारला, “तुमच्या स्वप्नातली पायरी कशी आहे?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक बाई म्हणाली, “कोरडी.”

सरांना ते फार आवडलं. ‘कोरडी’ हा शब्द पुढे अहवालाच्या एका पानावर एकटाच छापला गेला, मधोमध, मोठ्या अक्षरात.

मग आई बोलली. ती माझ्यासमोरच बसली होती आणि सगळा वेळ माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती. “माझा गुडघा गेलाय साहेब. उतरताना हाताला धरायला लागतं. ते तेवढं ऱ्हवूदे. दुसरं काय नको.”

“मॅडम लिहून घेतायत,” सर म्हणाले.

मॅडमनी लिहून घेतलं. पिवळी चिठ्ठी. ‘उतरताना हाताला धरायला.’ संध्याकाळी ऑफिसात आम्ही सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या. चार मथळे होते: ओळख, आनंद, संवाद आणि इतर. आईची चिठ्ठी ‘इतर’मध्ये गेली. तिथे तिला सोबत होती ती संडासाच्या दाराच्या कडीची, दिव्याची आणि घुशींची.

निघताना आईने सगळ्यांना चहा दिला. माझ्या पेल्यातला चहा वेगळा होता, आलं जास्त, साखर अर्धी, मला लागतो तसा. “मॅडम, घ्या,” ती म्हणाली. सर खाली उतरताना मला म्हणाले, “बघितलंस? किती चटकन जीव लावतात ही माणसं!” मी पाइपाला धरून उतरत होते. सर मधून चालत होते, ओझेवाल्यांच्या वाटेत, आणि हंडा घेतलेल्या एका बाईला त्यांच्यासाठी थांबावं लागलं.

पुढच्या शुक्रवारी सरांनी पायऱ्यांचा फोटो मोठा केला आणि पाइपांच्या मोळीभोवती लाल गोल काढला. “हा इथला मुख्य प्रॉब्लेम. नजरेला किती त्रास होतो बघा. त्या चिंध्या! माणसाच्या आत्मसन्मानाचं काय?” सगळ्यांनी चिंध्यांकडे बघून मान हलवली. ठरलं असं की पायऱ्या नव्याने बांधायच्या, पाइप पायऱ्यांच्या पोटात चर करून त्यात गाडायचे आणि वर काळा दगड बसवायचा. मध्ये दोन ठिकाणी बसायला कट्टे, आणि कडेने कुंड्यांत उंच गवत.

नकाशा काढायला माझ्याकडे आला. कारण, सर म्हणाले, माझी रेघ स्वच्छ आहे.

मी काढला. चाळीस पाइप एकाखाली एक, बारीक गोल गोल, जमिनीच्या आत. फार सुंदर दिसत होते. आमचा कुठला असेल तेही मला माहीत होतं, वरून दुसऱ्या ओळीतला डावा. सर खांद्यामागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “कोणाला काही म्हणायचंय?” नोकरीत एवढा सरळ प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, “सर, चराला थोडा उतार ठेवू या का?”

“व्हेरी गुड,” सर म्हणाले.

आता मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. मला नोकरी जाण्याची भीती नव्हती. सरांनी उलट मला डोक्यावर घेतलं असतं, प्रत्येक भाषणात पुढे केलं असतं, ‘ही आमची टेकडीवरची मुलगी’ म्हणून. मला तेच नको होतं. माझ्या हुशारीच्या आधी लोकांना माझी टेकडी दिसावी, हे मला नको होतं. त्यासाठी मी माझ्या आईच्या हाताखालचा पाइप काढून घेतला. असं लिहिलं की वाचायला बरं वाटत नाही, आणि वाटूही नये.

काम झालं. पायऱ्या, खरं सांगायचं तर, झकास दिसायला लागल्या. उद्घाटनाला कंपनीचे मोठे साहेब आले. ते पस्तिसाव्या पायरीवर बसले आणि तो कार्यक्रमाचा भाग आहे असं आम्ही सगळ्यांनी मानलं. तिथल्या कट्ट्याला ‘संवाद-कट्टा’ असं नाव दिलं होतं. साहेबांनी तिथेच नारळ फोडला. सर बोलले, “आम्ही इथे काहीही आणलं नाही. जे होतं तेच फक्त मोकळं केलं.” टाळ्या झाल्या. आई वरच्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभी होती. ती खाली आली नाही. मला वाटलं, गर्दी आहे म्हणून असेल.

त्यानंतर मनोऱ्यांची कामं अंगावर आली आणि तीन रविवार मला जाता आलं नाही. चौथ्या रविवारी गेले तर घरात सुक्या बोंबलांची चटणी आणि भात. “मासे नाहीत?” मी विचारलं. “आणले नाय,” आई म्हणाली. नंतर शेजारच्या काकूने मला दारात गाठून सांगितलं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन निघाली होती. धरायला काही नाही. भिंतीकडून उतरायचं तर समोरून हंडे येणार, आणि कडेला गवताच्या कुंड्या, गवताला धरणार कोण? नव्या दगडावर पाणी सांडलेलं. आई पहिल्या पायरीवर बसली. मग बसत बसत, एकेक पायरी सरकत, खालपर्यंत गेली. एकशे चौदा. खाली पार्सल घेऊन आलेल्या एका माणसाने विचारलं, “आजी, पडलात काय?” त्या दिवशी तिने मासे घेतले, तशीच कशीबशी वर आली आणि त्यानंतर उतरली नाही.

मी आत गेले. आई भांडी घासत होती. पाठ फिरवूनच ती म्हणाली, “मुलुंडाक येव काय तुझ्याकडे?”

वर्षानुवर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे वाक्य. मला रडू आलं. आईला वाटलं आनंदाने आलं, म्हणून तिने मला रडू दिलं.

सोमवारी मी सरांना म्हटलं, “सर, त्या पायऱ्यांना रेलिंग हवं होतं असं वाटतं.”

“कोणाला वाटतं?”

“म्हणजे… चिठ्ठी होती एक. ‘इतर’मध्ये.”

सरांनी डोळे मिटले. विचार करताना ते डोळे मिटतात. “रेलिंग लावलं की त्याचं रेल्वे स्टेशन होतं बघ. उतारावरची ती अखंड रेघ आहे ना, तीच तर आपलं काम आहे. दुसऱ्या टप्प्यात बघू.” दुसरा टप्पा म्हणजे काय हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. सरांना ‘नाही’ म्हणायला आवडत नसे, म्हणून त्यांनी दुसरा टप्पा काढला होता. आजवर कुठल्याच कामाचा तो आलेला नाही.

आई मुलुंडला यायच्या आधीच माझ्या मदतीला धावून आली ती गळती. सहा-सात आठवड्यांत पायऱ्यांच्या पोटात कुठेतरी पाइप फुटला. वरच्या ओळीला पाणी येईना, आणि जे यायचं त्याला वास. कोणाचा पाइप फुटला ते कळायला मार्ग नव्हता, कारण गाडताना कंत्राटदाराने सगळ्या चिंध्या काढून फेकल्या होत्या. चराच्या आत चाळीस पाइप, सगळे सारखे, आत्मसन्मानाने पडलेले. ऑफिसला टेकडीवरून दोनदा फोन आले. ऑफिसने कंत्राटदाराला कळवलं, कंत्राटदाराने ऑफिसला. शेवटी एका रविवारी पाइपवाल्या काकांनी पहार घेतली आणि पहिला काळा दगड उचकटला. मी तिथेच होते.

“वहिनी, कुणी अक्कल लावली ही?” काकांनी वर बघून आईला विचारलं. आई वरच्या पायरीवर बसली होती.

“शिकलेली माणसं होती रे,” आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. काकांनीही पाहिलं नाही. ते किती मुद्दाम पाहत नव्हते, ते मला दिसत होतं.

दुपारपर्यंत सगळी टेकडी कामाला लागली. पाइप बाहेर आले. जुन्या दगडांच्या चवडी गेल्या होत्या, तेव्हा पाइप टेकवायचे कशावर हा प्रश्न आला. कोणीतरी कुठूनतरी लोखंडी अँगल आणले. काका ते गुडघ्याएवढे ठोकायला लागले तशी आई बसल्या जागेवरून ओरडली, “खाली कित्याक? आता उचलतासच तर कमरेएवढे घे. आणि मोळी नको, एकाखाली एक लाव, वरचो हातात गावलो पाहिजे.”

“वहिनी, पाण्याला उंची…”

“पाणी एकशे चौदा पायऱ्या चढतं रे, त्याका काय कमरेएवढा जड?”

काकांनी अँगल उपटला आणि वर ठोकला. मी पाना धरून उभी होते. आर्किटेक्चरची पाच वर्षं आणि नोकरीची नऊ, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी टेकडीच्या उपयोगी पडले, पाना धरण्यापुरती. संध्याकाळी बायकांनी आपापल्या चिंध्या आणल्या आणि पाणी सोडून, एकेक पाइप ओळखून बांधल्या. आईने ट्रंकेतून निळं कापड काढलं. माझा गणवेश तिने अजून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आई उतरली. तिने मला ऑफिसात फोन केला, फक्त एवढं सांगायला की आज बांगडा आहे.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आमच्या धंद्यात इमारत फोटो काढल्यावर पूर्ण होते, आणि सरांनी ते काम एका पुरस्काराला पाठवायचं ठरवलं. उद्घाटनानंतर ते टेकडीवर गेलेले नव्हते. त्यांनी फोटोग्राफर पाठवला, सोबत मला. “एखादी स्थानिक बाई घे फ्रेममध्ये,” त्यांनी बजावलं. “साडीतली. स्केल कळतं, पायऱ्या केवढ्या ते.” मी आईलाच उभं केलं. दहा मिनिटं ती एका जागी उभी होती, वरचा पाइप मुठीत धरून, फोटोग्राफर ऊन सरायची वाट बघत असताना. फोटो असा आला की मी तो माझ्या फोनवर घेतला. काळ्या पायऱ्या, पाइपांच्या रांगा, रंगीबेरंगी चिंध्या, आणि आई.

सरांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला आणि खुर्चीतून उठले. “हे काय आहे?”

“गळती झाली होती सर. लोकांनी पाइप वर घेतले.”

“लोकांना डिझाइन कळत नाही हा त्यांचा दोष नाही,” सर खिन्नपणे म्हणाले. “काढून टाक.”

“पाइप?”

“फोटोतले गं.”

मी काढले. आता ते फार सोपं झालं आहे. ब्रश फिरवला की संगणक आजूबाजूचा दगड उचलून तिथे भरतो. चाळीस पाइप गेले. चिंध्या गेल्या, निळीसुद्धा. राहिली आई. हवेत पुढे केलेला हात, बोटं मिटलेली, आणि मुठीत काहीच नाही.

सर मागे उभे होते. “बाई विचित्र दिसतेय. भूत बघितल्यासारखी. तिलाही काढ. आपली फुग्यावाली टाक.”

फुग्यावाली म्हणजे एका परदेशी मुलीचं कापून ठेवलेलं चित्र. पांढरा फ्रॉक, हातात लाल फुगा. ती आमच्या मनोऱ्यांच्या गच्चीवर असायची, बोरिवलीच्या मॉलमध्ये असायची, एकदा स्मशानभूमीच्या स्पर्धेतही होती. मला म्हणता आलं असतं, ‘सर, ती माझी आई आहे.’ पाच शब्द. मी ब्रश घेतला आणि पायांकडून सुरुवात केली, म्हणजे चेहऱ्याशी येईपर्यंत सर निघून जातील. सर गेले नाहीत. मी चेहराही काढला.

पुरस्कार मिळाला. विमानतळाजवळच्या हॉटेलात समारंभ झाला. परीक्षक म्हणाले की या कामात वस्तीचा आवाज ऐकू येतो. मी पनीरचा तुकडा टूथपिकला टोचून उभी होते. आवाज मलाही ऐकू येत होता.

त्या समारंभाची गुळगुळीत कागदाची पुस्तिका मी आईला दाखवणार नव्हते. पण रविवारी पिशवीतून सामान बाहेर काढताना ती तिच्या हाती लागली. आईने चष्मा लावला. फोटो शोधला. पायऱ्यांवरून बोट फिरवत फिरवत वर गेली आणि थांबली.

“ही कोण गे?”

“कोणी नाही. चित्र आहे.”

“हय मी होतंय. तू सांगितलंस उभी राहा म्हणून.” ती रागावलेली नव्हती. आपलंच काही चुकलं असेल अशा सुरात विचारत होती.

मग मी सगळं सांगितलं. तोंड मिटलं होतं तो शुक्रवार, नकाशा, उतार, ब्रश. तिला पायांकडून पुसायला सुरुवात केली तेही. सांगताना माझा आवाज फुटला आणि मी तो फुटू दिला. “आई, मला लाज वाटली टेकडीची. आणि आता माझी वाटते.”

आईने पुस्तिका जरा लांब धरली, परत जवळ आणली. पायऱ्यांच्या मोकळ्या कडेवर, जिथे पाइप होते तिथे, अंगठा ठेवला.

“बरं केलंस काढलंस ते,” ती म्हणाली. “पाइप नाय तर मी थंय उभी कशी राहणार? पडलंच असतंय.”

तिने चष्मा काढून ठेवला आणि खुंटीवरची पिशवी घेतली. दहा वाजत आले होते. मीही उठले. दारातून उतरताना ती पुढे होती, उजवा हात वरच्या पाइपावर सरकवत. पाणी यायची वेळ होती आणि लोखंड गार पडलेलं होतं. दोन पायऱ्या उतरून ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, “तू पण धर. तुझे चपले गुळगुळीत आसत.”

मी धरला.